अर्धवेळ किल्लेदार

डोंगरात भेटलेल्या माणसाला जात, पक्ष आणि पगार विचारायचा नाही, असा सह्याद्रीतला अलिखित कायदा आहे. विचारायचं ते एवढंच : "कुठून चढलात?" आणि "टाक्यात पाणी आहे का?" त्यामुळे होतं काय, की ज्याच्या डब्यातल्या गूळपोळ्या आपण वर्षानुवर्षं हादडल्या, ज्याच्या खांद्यावर पाय देऊन कातळटप्पे चढलो, जो झोपेत कोणत्या पट्टीत घोरतो हेही आपल्याला पाठ, तो माणूस सोमवारी सकाळी दहा वाजता जातो कुठे, याचा आपल्याला पत्ता नसतो.

आमच्या किल्लेदाराचं असंच होतं. त्याचं खरं नाव त्याच्या आधार कार्डावर असेल. आम्ही त्याला किल्लेदारच म्हणतो. पायात अॅक्शनचे ट्रेकिंग बूट, टाचेला झिजून गुळगुळीत झालेले. सॅकचा पट्टा चांभाराकडून निळ्या दोऱ्याने शिवून घेतलेला. सॅकमध्ये सुईदोरा, मेणबत्त्या, कापराच्या वड्या, क्रेप बँडेज, कांदा चिरायला चाकू आणि पायथ्याच्या गावातल्या पोरांना वाटायला पेन्सिली. राजगडावर पद्मावतीच्या देवळात खच्चून माणसं झोपलेली असताना हा मध्यरात्री उठून, विजेरी न लावता, कुणाच्याही अंगावर पाय न देता बाहेर जाऊन येतो. अशा माणसाला पगार कोण देतं, हे कोडं आम्हाला सुटत नव्हतं.

यावर ग्रुपमध्ये तीन मतप्रवाह होते. पहिल्याचं म्हणणं, हा फौजेतून निवृत्त झालेला. कारण पहाटे चारला ज्या आवाजात उठवतो, तो नागरी आवाज नव्हे. दुसऱ्याचं म्हणणं, आचारी. कारण तीन दगडांच्या चुलीवर, ओल्या लाकडांवर, पंधरा-वीस माणसांची खिचडी याच्या हातून कधी करपली नाही. तिसरं मत ग्रुपमधल्या बायकांचं : काही करत नसणार, घर बायको चालवत असणार.

खरं तर डोंगरात माणसाचा धंदा फार काळ लपत नाही. आमच्यातला विमा एजंट एरवी गप्प असतो, पण दोन्ही बाजूंना दरी असलेली अरुंद वाट आली की त्याला कंठ फुटतो. बँकवाला प्रत्येक खिंडीत डोकी मोजतो आणि एक डोकं जास्त भरलं तरी कमी भरल्याइतकाच कासावीस होतो. दातांचा डॉक्टर चिक्की खाणाऱ्यांकडे आशेने बघत असतो. शाळामास्तर दमून पार तोंडाला फेस आलेला असला तरी मागच्यांना "बडबड बंद!" म्हटल्याशिवाय राहत नाहीत. आयटीतल्या पोराला कोणत्या गडाच्या कोणत्या बुरुजावर रेंज येते ते तोंडपाठ. शुक्रवारी दुपारी तो 'घरून काम' करत असतो आणि मीटिंगमध्ये मागे कोंबडा आरवू नये म्हणून सतत म्यूटवर असतो.

किल्लेदार मात्र काही थांग लागू देत नव्हता. त्याचं एकच लक्षण उठून दिसायचं : सुट्ट्यांचा अभ्यास. डिसेंबरात नवीन कालनिर्णय घरात आलं की लोक मुहूर्त बघतात, संकष्टी बघतात. हा आधी 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट कोणत्या वारी येतात ते बघतो. 15 ऑगस्ट रविवारी आला, तर स्वातंत्र्य वाया गेल्यासारखा चेहरा करून बसतो. त्याचा सिद्धांत असा, की डोंगरवेड्याने नोकरी निवडताना पगार बघू नये, रजेचे नियम बघावेत. बाकीचे पैसे कमावतात. आपण रजा कमावतो.

या विषयावर चुलीपाशी तो तासभर बोलू शकतो, आणि बोलतो. "बँकवाल्यांचं नशीब 2015 च्या सप्टेंबरात उघडलं," तो सांगतो, "दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. तेव्हापासून त्यांचे सगळे मुक्कामी ट्रेक दुसऱ्या नाहीतर चौथ्या आठवड्यात. पहिल्या शनिवारी गडावर भेटला तर समजा, आजारी आहे म्हणून सांगून आलाय." राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची कथा त्याहून हृदयद्रावक. 29 फेब्रुवारी 2020 पासून त्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. सॅका झटकून झाल्या, दोरांना ऊन दाखवून झालं, आणि महिना पुरा व्हायच्या आत टाळेबंदी लागली. "शनिवार मिळाला," किल्लेदार म्हणतो, "पण उंबरठा गेला."

सगळ्यात जास्त कीव त्याला चार्टर्ड अकाउंटंटची येते. प्राप्तिकराच्या विवरणपत्रांची नेहमीची मुदत 31 जुलै. म्हणजे ज्या महिन्यात कोकणातून ढग वर चढतात, घाटमाथ्यावरून धबधबे सुटतात, त्याच महिन्यात हा बिचारा दुसऱ्यांचं उत्पन्न मोजत बसतो. मुदतवाढ मिळाली की सगळे व्यापारी सुटकेचा निःश्वास टाकतात आणि आमचा सीए मटकन खाली बसतो, कारण आता ऑगस्टही गेला. शिक्षकांना सुट्टी भरपूर, पण मे महिन्यात. तेव्हा सह्याद्रीचा कातळ तव्यासारखा तापलेला. म्हणून ते उन्हाळ्यात हिमालयाकडे पळतात.

हिमालयाचं नाव निघालं की रजेच्या खऱ्या संग्रामाला तोंड फुटतं. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा पायाभूत अभ्यासक्रम 28 दिवसांचा. जाण्यायेण्याचे दिवस धरले की महिना उलटतो. एवढी सलग रजा माणसाला एक तर बाळंतपणाला मिळते, नाहीतर मोठ्या आजाराला. आमच्यातल्या एकाने दुसरा मार्ग धरला आणि काविळीचा दाखला पाठवला. परत आला तो कोळशासारखा काळा होऊन, आणि डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराचे दोन पांढरेफटक गोल. साहेबांनी त्याच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, "कावीळ फक्त डोळ्यांच्या कडेने झाली होती का?"

किल्लेदाराचा उलगडा झाला तो अगदी अनपेक्षित जागी. कसल्याशा दाखल्यासाठी मी एका सरकारी कचेरीत गेलो होतो. लिफ्टच्या रांगेत माझ्यापुढे एक ओळखीची पाठ उभी. वळून पाहतो तो किल्लेदार! इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, खिशाला दोन पेनं.

"अहो किल्लेदार, पहिल्या मजल्यासाठी लिफ्ट?"

"गुडघे जपावे लागतात हो," तो गंभीरपणे म्हणाला. "ते शनिवारसाठी आहेत."

टेबलामागे बसल्यावर तर माणूस ओळखू येईना. डोळे अर्धे मिटलेले, आवाज थंडगार. माझ्या पुढच्या आजोबांना त्याने "झेरॉक्स जोडा" म्हणून परत पाठवलं. माझा नंबर आला, माझाही अर्ज उलटसुलट करून "उद्या या" म्हणायच्या बेतात होता, तेवढ्यात मी हळूच म्हटलं, "ते खांडसवरून भीमाशंकरला शिडीघाटाने चढायचं ठरत होतं..." झालं! पाठ ताठ झाली. डोळ्यांत उजेड आला. माझाच अर्ज उलटा करून त्याने मागच्या कोऱ्या बाजूवर डोंगराची सोंड काढली, ओढा काढला, शिड्या काढल्या. गणेश घाटाची वाट तुटक रेषेने दाखवली. पाणी कुठे मिळेल तिथे गोल केला. रांग जिन्यापर्यंत गेली. आजोबा झेरॉक्स काढून परतही आले. शेवटी त्याने नकाशावर गोल शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि मला म्हणाला, "दाखल्याचा अर्ज दुसरा आणा. हा खराब झालाय."

त्याच्या वरिष्ठांशीही पुढे ओळख झाली. त्यांच्या मते किल्लेदार प्रामाणिक, पण गूढ माणूस. वर्षाच्या 8 किरकोळ रजा तो जहागिरीसारख्या वापरतो. एकही सुट्टीला न चिकटवता वाया घालवत नाही. अर्जाची भाषा ठरलेली : 'घरगुती कारणास्तव रजा मंजूर व्हावी, तसेच मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी.' यातला दुसरा भाग तो फार मनापासून लिहितो. बढती दोनदा नाकारली, कारण ते ठिकाण सपाटीवर होतं. आणि एकदा तर त्याने अकोले तालुक्यात बदली मागितली. जिथली बदली रद्द करून घ्यायला लोक मंत्रालयाचे उंबरे झिजवतात, तिथे स्वतःहून! वरिष्ठांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "खरं सांगा, तिथे वरची कमाई काय आहे?"

किल्लेदार उत्तरला, "साहेब, वरचीच आहे. कळसूबाई 1646 मीटर."

बदली झाली नाही.

आपल्या या पोटभरू नोकरीची त्याला लाज मुळीच नाही. उलट त्याच्यापाशी पुराव्यांची जंत्री आहे. "माथेरान कुणी उजेडात आणलं? 1850 मध्ये, ठाण्याचा कलेक्टर मॅलेट. म्हणजे महसूल खातं. कोकणकड्यावरून इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, पाहून ते नोंदवून ठेवणारा कर्नल साइक्स कोण? मुंबई सरकारसाठी आकडेवारी गोळा करणारा अधिकारी. दौऱ्यावर असणार, भत्ताही घेतला असणार." भत्त्याची बाब त्याच्या पदरची, पण ती सांगताना त्याचा ऊर भरून येतो. पुढे तो शिवकाळात शिरतो. किल्ल्यावर एकटा शूरवीर काय कामाचा? हवालदार लागतो, सरनोबत लागतो, पण हिशेबाला सबनीस आणि कोठाराला कारखानीसही लागतोच. "गड तलवारीने घेतला," तो म्हणतो, "पण टिकवला कारकुनाने." आणि हे तो नुसतं बोलत नाही. ट्रेकहून परतल्यावर सोमवारी रात्रीपर्यंत सगळ्यांना हिशेब पोचतो : जीप, दूध, तेल, कोथिंबीर दहा रुपये, आणि खाली टीप, 'उरलेलं अर्धा किलो मीठ पुढील ट्रेकसाठी शिल्लक.'

नोकरी सोडून डोंगरालाच धंदा केलेलाही एक आमच्यात आहे. आवड तीच रोजीरोटी, म्हणून आयटीतला भरभक्कम पगार लाथाडून त्याने ट्रेक काढायला सुरुवात केली. आता दर शनिवारी रात्री दोन बस भरून तो बारीला, कळसूबाईच्या पायथ्याला उतरतो. वाटेत त्याला प्रश्न येतात : वर वॉशरूम आहे का, जेवण जैन मिळेल का, ढग किती वाजता येतात, आणि सूर्योदय दिसला नाही तर पैसे परत का? लोखंडी शिड्यांपाशी रांग लागते तेव्हा तो सिग्नलवरच्या हवालदारासारखे हातवारे करत उभा असतो. मध्यंतरी भेटला तेव्हा म्हणाला, "डोंगरासाठी नोकरी सोडली, तर डोंगराचीच नोकरी लागली." मग तू सुट्टीत काय करतोस, विचारलं, तर म्हणाला, "अलिबाग. समुद्र सपाट असतो."

किल्लेदाराला हा मोह कधी पडला नाही. डोंगरात कुणी अडकलं की पोलीस आणि गावकरी ज्या तुकड्यांना हाक मारतात, त्यांत मात्र तो रात्री-अपरात्री दोर घेऊन जातो. त्या कामाला ना पगार ना भत्ता. तिथे जमणारे सगळेच असे : कुणी दुकानदार, कुणी रिक्षावाला, कुणी शिक्षक, कुणी इंजिनीअर. स्ट्रेचर खाली उतरवून झालं की चहा पितात आणि आपापल्या हजेरीपटाकडे पळतात. उशिरा पोचल्यावर कारण काय सांगायचं, हा त्यांचा नेहमीचा पेच; खरं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही.

डोंगरावर खरोखर पोट असलेली माणसं वेगळीच. पाचनई या पायथ्याच्या गावातल्या मावशी गडावर जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालतात. सकाळी जळण, मग पाणी, मग गुरं, मग आमच्यासारखे. त्यांनी एकदा किल्लेदारालाच गाठलं. "काय रं दादा, दर आयतवारी हितं दिसतोस. मंग काम कवा करतोस?"

"मावशी, सरकारी नोकरी आहे."

मावशींनी भाकरी तव्यावर उलटली, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "हां, मंग जमतंय."

आता ज्यांच्या घरी मुलगी लग्नाची आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. अशी स्थळं हल्ली बरीच सांगून येतात. "मुलगा काय करतो?" विचारलं की मध्यस्थ चाचरत "डोंगरात जातो" म्हणतो आणि तुम्ही "ते ठीक, पण करतो काय?" म्हणून फोन ठेवता. असं करू नका. हा मुलगा ओल्या लाकडांवर स्वयंपाक करतो, मातीने भांडी घासतो, मिळेल ते खातो, मिळेल तिथे झोपतो, हिशेबाला चोख असतो आणि दुसऱ्याची सॅक न सांगता उचलतो. नोकरी जेमतेम असेल, बढती होणार नाही, पण नोकरी सोडणारही नाही, कारण तिच्याच जिवावर त्याचे शनिवार उभे आहेत. स्थळ उत्तम आहे. बेलाशक होकार द्या. फक्त मुहूर्त जोडून सुट्टीचा धरू नका. नवरा मुलगा हजर राहील याची खात्री देता येत नाही.