पुंगळ्या, पितळ आणि तुमचे चिरंजीव

लिंकन, नेब्रास्का

ती. आई व ती. बाबा यांना,


आई, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "मशीन मशीन काय चाललंय तुमचं, घरघंटी घेताय का?" तेव्हा तुमचे चिरंजीव शेजारीच बसले होते, म्हणून मी "हो, तसलंच काहीतरी" म्हणून वेळ मारून नेली. आता सविस्तर लिहिते. घरघंटी नाही. बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या घासायचं मशीन आहे. त्याला इथे टंबलर म्हणतात. घाबरू नका, पुढे वाचा.

ज्या माणसाने तुमच्या घरी असेपर्यंत पाण्याचा तांब्यासुद्धा कधी विसळला नाही, तो माणूस आता जेवताना पितळेच्या चकाकीवर बोलतो. नागरिकत्वाची शपथ झाल्यावर शेजारच्या आजोबांनी त्यांना नेमबाजीच्या रेंजवर नेलं, तिथून हे सुरू झालं. शिकार नाही हो. आजवर फक्त कागद धारातीर्थी पडलाय. हरणं आमच्या परसात येऊन टोमॅटो खाऊन जातात आणि हे खिडकीतून त्यांचे फोटो काढतात.

तर गोळी सुटली की पितळेची पुंगळी मागे उरते. ती नीट असली, तर तिच्यात बुडाशी ठिणगी पाडणारा नवा प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवून पुन्हा वापरता येते, आणि ती एकदाच नाही. काडतुसातला सगळ्यांत महाग भाग तोच. हे कळल्याबरोबर दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवणाऱ्या घरातलं रक्त उसळलं! बाकीचे लोक रेंजवर नेम धरायला जातात, हे वाकायला जातात. स्वतःच्या वेचतातच, पण ज्यांना आपल्या पुंगळ्या नको असतात त्यांच्याही विचारून घेऊन येतात. घरी आल्यावर निवडण्याचा कार्यक्रम. पितळेचा नुसता मुलामा दिलेल्या लोखंडी पुंगळ्या बाजूला काढायला फ्रिजवरचं अष्टविनायकाचं चुंबक नेलं आहे. शिवाय मापं वेगवेगळी असतात, ९ मिलिमीटरची पुंगळी फॉर्टीच्या पोटात आणि फॉर्टीची फॉर्टी-फाइव्हच्या पोटात जाऊन बसते. त्या तशाच मशीनमध्ये गेल्या तर आतली काळीच राहते, म्हणून एकेक उपसून बघायची. भाताला तांदूळ निवडायला सांगितले तर ह्यांना चष्मा सापडत नाही.

घासायच्या कशाला, हा तुमचा पुढचा प्रश्न. काजळीचा एवढा त्रास नाही. त्रास आहे तो मातीचा नि रेतीचा. पुंगळी पुन्हा मापात आणायला ती एका पोलादी साच्यात दाबावी लागते. रेतीचा एक कण असला तरी साच्याला ओरखडा पडतो आणि मग तो ओरखडा पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटतो. म्हणून आधी घासणे, मग दाबणे.

तुम्ही म्हणाल, चिंच लावा. आई, तुमचा सल्ला इथेही मानतात. एक पंथ ओल्या पद्धतीचा आहे. फिरत्या पिंपात पाणी, भांड्यांचा साबण, चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड आणि स्टीलच्या बारीक काड्या घालतात. पुंगळी आतून-बाहेरून नव्यासारखी निघते. मी म्हटलं, हेच घ्या की. पण मग त्या शेकडो पुंगळ्या वाळवायच्या कुठे? इथला जानेवारी तुम्ही पाहिलेला नाही. गॅरेजमध्ये विसरलेली पाण्याची बाटली सकाळी दगड झालेली असते. त्यातून ते काळं पाणी ओतायचं कुठे, हाही प्रश्नच, कारण त्यात शिसं असतं. त्याचं पुढे सांगते. तेव्हा कोरडी पद्धत ठरली. ती ठरवली मी, तसं त्यांनी बाबांना सांगितलं नसेल.

कोरडा टंबलर म्हणजे दिसायला अगदी साधा. खाली मोटर, तिच्या दांड्यावर मुद्दाम एका बाजूला जड केलेलं वजन, वर स्प्रिंगांवर बसवलेलं प्लॅस्टिकचं खोलगट पातेलं आणि झाकण. मोटर फिरली की पातेलं थरथरतं. पातेल्यात कसला तरी भरडा भरायचा, त्यात पुंगळ्या सोडायच्या. रटरटणाऱ्या आमटीतल्या फोडींसारख्या त्या खाली बुडतात, वर येतात, पुन्हा बुडतात. बुडत नसतील तर पातेलं जास्त भरलंय असं समजायचं. ह्यापलीकडे त्यात विद्या नाही. पण तुमच्या मुलाने ह्यावर एक्सेलचा तक्ता केला, त्याला रंग दिले आणि मला दाखवला.

त्या तक्त्यात सगळे होते. लायमनचं टर्बो. फ्रँकफर्ड आर्सेनलचं, ज्यात कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ९ मिलिमीटरच्या ६०० पुंगळ्या एका वेळी मावतात. (बाबा, फ्रँकफर्ड आर्सेनल हा खरोखरीचा सरकारी कारखाना होता, फिलाडेल्फियात, १८१६ ते १९७७. आता नुसतं नाव उरलंय.) डिलनचं भलंमोठं, लग्नघरी शोभेल असं. थम्लरचं पिंप, जे मुळात रंगीत दगड घासून गुळगुळीत करणाऱ्या हौशी लोकांसाठी निघालं. आणि हॉर्नडीचं, ज्याच्यावर ह्यांचा जीव जडला होता, कारण तो कारखाना आमच्याच राज्यात, इथून दीड तासावर ग्रँड आयलंडला आहे आणि १९४९ पासून आहे. "आपल्या गावचं आहे," म्हणाले. पुणं सोडून इतकी वर्षं झाली, तरी गाववाला दिसला की पाघळायची सवय गेली नाही; फक्त गाव बदललं.

मी त्या तक्त्यात तीनच रकाने वाढवायला सांगितले. झाकण किती घट्ट बसतं, आवाज किती, आणि चालू-बंदचं बटण आहे का. हसू नका, काहींना बटणच नसतं. वायर भिंतीत खोचली की सुरू, उपटली की बंद. क्षमतेवरून आमचं थोडं वाजलं. आपल्याकडे कुठलीही वस्तू घेताना एक आकडा मोठी घ्यायची, 'पाहुणे आले तर' म्हणून. पण मोठ्या पातेल्यात पन्नास पुंगळ्या घासायच्या म्हटल्या तरी त्याचा भरडा मोठाच लागतो, आणि गॅरेजमध्ये पुंगळ्या घेऊन पाहुणे येण्याची शक्यता मला तरी दिसत नाही. शेवटी मधलं घेतलं. बटणवालं, घट्ट झाकणाचं. कुठल्या कंपनीचं ते महत्त्वाचं नाही, सगळ्यांच्या पोटात तीच मोटर थरथरते असं माझं मत झालंय. गाववाल्याचं नव्हे, एवढं सांगते. थोडे दिवस अबोला होता.

खरी गंमत भरड्यात आहे. भरडा दोन प्रकारचा. एक अक्रोडाच्या टरफलांचा, तो कडक, घाण लवकर काढतो. दुसरा मक्याचा, म्हणजे दाणे काढल्यावर जी बुरकुंडं उरतात त्यांचा. तो मऊ, घाण हळू काढतो पण चकाकी आणतो. अक्रोडाचा भरडा पाळीव प्राण्यांच्या दुकानात पालीसरड्यांच्या पिंजऱ्यात अंथरायला म्हणून मिळतो. तो आणायला गेले तर दुकानातल्या मुलीने प्रेमाने विचारलं, "तुमच्याकडे कोणता सरडा आहे?" मी ह्यांच्याकडे पाहिलं. काही बोलले नाही. काही भरड्यांत लाल पूड घातलेली असते, सोनार झिलईला वापरतात तीच. ती आणू दिली नाही. हात, बाही, टॉवेल सगळं लाल होतं म्हणतात, आणि टॉवेल धुतं कोण?

मक्याच्या भरड्याची पिशवी आणली तेव्हा शेजारचे आजोबा कुंपणाला धरून हसले. जन्मभर त्यांनी मका केला. ह्या राज्याचं टोपणनावच मका सोलणाऱ्यांचं! कापणीचं यंत्र दाणे टाकीत घेतं आणि बुरकुंडं रानातच टाकून पुढे जातं. "मी आयुष्यभर हे जमिनीत गाडलं आणि तू पैसे देऊन पिशवीतून आणलंस?" असं विचारत ते दोनदा पिशवी उचलून किंमत वाचून गेले. पण बारीक दळलेला हवा हे त्यांनीच बजावलं. प्रायमर काढून मग घासायच्या असल्या, तर जाडा भरडा पुंगळीच्या बुडातल्या बारीक भोकात अडकून बसतो आणि मग टाचणी घेऊन एकेक टोकरायची. टाचण्या माझ्या शिवणाच्या डब्यातल्या, हे वेगळं सांगायला नको.

भरड्यात झाकणभर गाडीचं पॉलिश घालायचं, म्हणजे पुंगळ्या लवकर काळवंडत नाहीत. इथे बाबांचं नाव काढावं लागेल. मागे एकदा तुम्ही फोन बाबांकडे दिलात तेव्हा चिरंजीवांकडून सगळं ऐकून बाबांनी एकच विचारलं, "अमोनिया नाही ना त्यात?" खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत ज्यांची नोकरी गेली, त्यांनीच विचारावा असा प्रश्न. मग बाबांनी सांगितलं आणि आम्ही वाचूनही पाहिलं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात लष्कराची हालचाल मंदावायची आणि दारूगोळा तबेल्यांत ठेवायचे. पाऊस सरला की पितळी काडतुसांना तडे गेलेले दिसायचे, विशेषतः गोळीभोवती पितळ आवळलेलं असतं त्या तोंडापाशी. कारण १९२१ मध्ये उलगडलं. घोड्यांच्या मुतातला अमोनिया! ओढून ताणून घडवलेल्या पितळात ताण राहिलेला असतो. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताच्या त्या पितळाला अमोनिया नेमका तिथेच खातो. म्हणून पितळेची जी पॉलिशं नाकात झोंबतात, ती पुंगळ्यांना चालत नाहीत. इथल्या दुकानातली एक बाटली ह्या एका फोनमुळे फळीवरच राहिली. बाबा, ह्यांनी ही गोष्ट आता रेंजवर सगळ्यांना सांगितली आहे. घोडे वाढत चाललेत.

आता शिशाचं. आई, हा भाग नीट वाचा, कारण मे महिन्यात तुम्ही येणार आणि तुमचा मुलगा तुम्हाला मस्का लावणार. गोळी सुटायला बुडाशी जो प्रायमर असतो, त्यात शिशाचा क्षार असतो. तो उडाला की शिसं काजळीत उरतं. मशीनमध्ये ती काजळी भरड्यात उतरते आणि झाकण उघडलं की धूळ होऊन नाकात. लहान मुलांना हे फार वाईट. म्हणून मी नियम लावलेत. झाकण लावल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. गॅरेजचं दार उघडं. धाकटीने त्या वेळी तिकडे फिरकायचं नाही. चाळताना मास्क आणि हातमोजे, चाळायचं तेही हळू. भरड्याबरोबर कपड्यांच्या ड्रायरमधल्या वापरलेल्या सुगंधी कागदाचे तुकडे टाकायचे, ते धूळ ओढून घेतात. भरडा काळा पडला की बांधून टाकायचा, बागेत नाही. आणि वर येण्याआधी हात गार पाण्याने, साबण लावून.

तरीही एका संध्याकाळी माझी पुरणाची चाळण ओट्यावरून नाहीशी झाली. गॅरेजमध्ये सापडली, स्वच्छ, अजून न वापरलेली. हे तिच्या भोकांचं माप घेत होते. "९ मिलिमीटर वर राहते, भरडा खाली जातो, अगदी बरोबर माप आहे," म्हणाले, जणू चाळणीचं कौतुक करत होते. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन चाळायचं पिंप विकत आणलं, दांडा फिरवायचं, खाली टब असलेलं. खर्चाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

चाळणीचं निभावलं, पण त्यानंतर ह्यांच्या डोक्यात देवाची भांडी आली. ताम्हन, पळी, निरांजन, तुम्ही दिलेली समई. "एकदा टाकूया, बघ कशी निघतात. आईला फोटो पाठवू." आई, ज्या पातेल्यात बंदुकीची पुंगळी फिरली, त्यात पंचामृताची पळी ह्या जन्मी फिरणार नाही. तीर्थ आपण पितो. ह्यावर ते म्हणाले, नवीन भरडा घालतो. नवीन मशीन घेतलंत तरी नाही, असं मी म्हटलं. तेव्हापासून तक्त्यात 'दुसरं, छोटं' असा एक नवा रकाना दिसतोय. तुम्ही आल्यावर ते हा विषय तुमच्यापाशी काढतील. तुम्ही 'बघू' म्हणालात तरी ते होकार धरतील, तेव्हा स्पष्ट नाही म्हणा.

मशीनचं कामकाज ठीक चाललंय. पहिल्या दिवशी ते टेबलावरून चालत कडेपर्यंत आलं होतं, आता खाली रबरी चटईवर असतं. नाताळच्या दिव्यांना लावतो तो टायमर लावलाय, म्हणजे रात्री दहानंतर घरघर बंद. अक्रोडात दोनेक तास, मग मक्यात तितकेच, की पुंगळ्या पिवळ्याधमक. खरं सांगू का, त्या इतक्या चमकायची काही गरज नाही. आजोबांच्या पुंगळ्या वर्षानुवर्षं तपकिरी आहेत आणि त्यांची गोळी ह्यांच्यापेक्षा मधोमध लागते. रेती गेली की काम झालं. पण हे ऐकायचे नाहीत. एकेक पुंगळी दिव्याखाली फिरवून बघतात आणि मला हाक मारतात.

एक महत्त्वाचं राहिलं. बाबांना भेट म्हणून त्यातली एक पुंगळी तुमच्या परतीच्या सामानात देतो असं ह्यांचं चाललंय, आणि बाबाही तिकडून टेबलावरचा पुंगळीचा तो जुना नमुना दाखवायला आणतो म्हणत होते. दोघांनीही हे मनातून काढावं. विमानतळावर बॅगेत रिकामी पुंगळी सापडली तरी बाजूला घेतात, आणि मग खडकीच्या नोकरीची गोष्ट तिथल्या साहेबाला कोण सांगत बसणार? रेंजवर नेलेली बॅगसुद्धा मी प्रवासाला वापरू देत नाही; तिच्या कप्प्यांत काय निघेल सांगता येत नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला सांगितलेत. अठ्ठावीस आलेले असतील. बाबांनी निदान एकाला तरी 'छान' लिहावं, म्हणजे इथे रात्रीचं जेवण वेळेवर होईल.

धाकटीचा तुम्हा दोघांना नमस्कार.

आपली,
सूनबाई