जरा ट्रिम बघतो

हौशी विमानवाल्यांच्या प्रत्येक माळावर एक काका असतात. त्यांना कुणी नेमलेलं नसतं. वर्गणीच्या वहीत त्यांचं नाव सापडेलच असंही नाही. पण नवा माणूस गाडीची डिकी उघडतो, तेव्हा तिच्यात सगळ्यांत आधी डोकावलेलं डोकं त्यांचं असतं. पुण्याबाहेरच्या आमच्या माळावर या गृहस्थांना सगळे ग्लायडरकाका म्हणतात. कापडी टोपी, खिशात फेव्हिक्विक, गळ्यात ट्रान्समीटर अडकवायचा पट्टा. पट्ट्याला ट्रान्समीटर मात्र कधी नसतो. काकांच्या मालकीचं एकही विमान गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिलेलं नाही, आणि तरीही माळावर सर्वांत जास्त वेळ विमान उडवणारा माणूस कोण, असं विचारलं तर उत्तर एकच येईल.

नवा माणूस आपण होऊन कधीच ग्लायडर मागत नाही. त्याला सुखोई हवं असतं. आयटीतला असेल तर दोन पंख्यांचं सुखोई हवं असतं, आणि ते त्याने बहुधा आधीच मागवलेलं असतं. काही जणांना दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर लागतं. एक प्रकार मुलाच्या वाढदिवसाचं निमित्त सांगणाऱ्या वडिलांचा. त्यांचा मुलगा गाडीत मोबाइल बघत बसलेला असतो आणि वडील घामाघूम होऊन चाकं बसवत असतात. या सगळ्यांना काका एकच प्रश्न विचारतात.

"याआधी काय उडवलंय?"

"तसं काही नाही. लहानपणी पतंग."

"काटला गेला की उरला?"

इथून पुढे पाऊण तास तो माणूस काकांचा.

काकांचं म्हणणं खोडून काढता येत नाही, ही यातली खरी अडचण आहे. ते सांगतात, तुझं हे जेट ताशी ९० किलोमीटरने जाणार. म्हणजे एका सेकंदात २५ मीटर. विमान तुझ्याकडे तोंड करून येत असलं की डावं-उजवं उलटं होतं. तू स्टिक डावीकडे नेलीस की ते तुझ्या उजव्या हाताला वळतं. हे डोक्यात शिरायला नवशिक्याला निदान तीन सेकंद लागतात. तीन सेकंदांत जेट कुठे असेल? काका उत्तर देत नाहीत, नुसतं ओढ्यापलीकडच्या बाभळींकडे बघतात. ग्लायडर जातो ताशी २५-३०ने. तीन सेकंदांत तो जेमतेम या झाडापासून त्या झाडापर्यंत पोचतो, आणि तोवर तुझी चूक तुझ्या लक्षात आलेली असते. मग उलट्या दिशांवरचा तोडगाही ते फुकट देऊन टाकतात: विमान समोरून येत असेल तर जो पंख खाली झुकला, त्या बाजूला स्टिक ने. पंखाला खालून टेकू दिल्यागत. विचार करायचा नाही.

"आणि काहीच सुचेनासं झालं," काका तर्जनी वर करतात, "तर स्टिक सोडून द्यायची. उंची असली आणि तोल नीट असला तर ग्लायडर स्वतःचा स्वतः सावरतो. आपण धरून ठेवतो म्हणून पडतो."

यात तत्त्वज्ञान बिलकूल नाही, पंखांची रचना आहे. नवशिक्याच्या ग्लायडरचे पंख टोकाकडे वर उचललेले असतात. एक बाजू खाली गेली आणि विमान त्या बाजूला घसरू लागलं की खालच्या पंखाला जास्त उचल मिळते, आणि तो आपसूक वर येतो. म्हणूनच काका पहिल्या विमानाला एलेरॉन, म्हणजे पंखांवरच्या हलत्या पट्ट्या, घेऊ देत नाहीत. वळवायला रडर, नाक वर-खाली करायला एलिव्हेटर आणि मोटर, एवढी तीन चॅनेल पुरे. पंखांचा पसारा दीड ते दोन मीटर, म्हणजे उंचावर गेलं तरी दिसतं. अंग ईपीओ फोमचं, म्हणजे आपटलं तर फेव्हिक्विक लावून तिथल्या तिथे पुन्हा उडतं. (साध्या थर्माकोलला हेच लावलं तर ते विरघळतं. हे नवीन माणसाला काका सांगण्याआधीच कळलेलं असतं.) प्रोपेलर घडीचा. मोटर बंद केली की त्याची पाती नाकाला चिकटून मिटतात, हवेला अडत नाहीत आणि उतरताना मोडतही नाहीत. तीन सेलची लिपो बॅटरी, ११.१ व्होल्टची. अर्धा मिनिट मोटर चालवून शंभरेक मीटर वर जायचं, मोटर बंद करायची, आणि मग नुसतं तरंगायचं. जेटची बॅटरी तीन-चार मिनिटांत संपते. ग्लायडरची, हवा चांगली असली तर, अर्धा तासही पुरते.

हे शेवटचं वाक्य उच्चारताना काकांच्या डोळ्यांत जे चमकतं, त्याचा अर्थ नवख्या माणसाला पुढच्या रविवारी कळतो.

त्याआधी इतिहास होतो. राइट बंधूंनी १९०३ साली इंजिनाचं विमान उडवलं हे शाळेत शिकवतात, पण १९००, १९०१ आणि १९०२ अशी तीन वर्षं ते किटी हॉकला ग्लायडरच उडवत होते, हे कुणी शिकवत नाही. माणूस घेऊन उडालेलं पहिलं विजेचं विमान ऑस्ट्रियात १९७३ साली उडालं, तेही मोटर बसवलेला ग्लायडरच. त्यामागचा माणूस, फ्रेड मिलिट्की, मुळात मॉडेल विमानंवाला! जर्मनीचा लिलिएन्थाल तर ग्लायडरवाल्यांचा आद्यगुरू, त्याने दोनेक हजार उड्डाणं केली. तो १८९६ साली ग्लायडरवरूनच पडून गेला, हा तपशील काका वेळेअभावी गाळतात. कुणी मध्येच तळपद्यांनी राइट बंधूंच्या आधी चौपाटीवर विमान उडवल्याचा दावा काढलाच, तर काका हात जोडून म्हणतात, "तो विषय पार्किंगमध्ये." माळावर त्यावरून दोनदा भांडणं झाली आहेत.

काकांचा स्वतःचा इतिहास एनसीसीच्या एअर विंगपासून सुरू होतो. तेव्हा रेडिओ कुणाला परवडत होता? दोन तारांच्या टोकाला विमान, मध्ये आपण उभे, आणि इंजिन बंद पडेपर्यंत स्वतःभोवती गरगर फिरायचं. इथर आणि एरंडेलाचा वास आठवडाभर शर्टाला. बाल्साचं विमान पडलं की महिनाभर ब्लेड आणि सॅंडपेपर. तरुणपणी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचने खेचून वर सोडलेले खरे ग्लायडर त्यांनी कुंपणाबाहेरून पाहिले, आणि तेव्हापासून आवाज करणाऱ्या विमानांवरचं मन उडालं. ही हकिकत सांगताना काका खरोखर हळवे होतात. माणूस ढोंगी नाही. ग्लायडरवर त्यांचं प्रेम आहे, फक्त ते दुसऱ्याच्या ग्लायडरवर आहे.

मग तो रविवार उजाडतो. नवखा माणूस सुखोई माळ्यावर टाकून नवाकोरा ग्लायडर घेऊन येतो. काका आधी त्याला मोबाइलवर डिजिटल स्कायचा, म्हणजे कुठे उडवता येतं ते दाखवणारा सरकारी नकाशा उघडायला लावतात. एका अंगाला लोहगावचा विमानतळ आणि दुसऱ्या अंगाला खडकवासल्याची एनडीए असलेल्या शहरात जागा बघूनच उडवावं लागतं, आणि याबाबतीत काका कुणालाच सूट देत नाहीत. मग पंख जोडले जातात. काका दोन्ही तर्जन्या पंखांखाली, पुढच्या कडेपासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर टेकवून विमान उचलतात, नाक किंचित खाली झुकतं की नाही पाहतात, बॅटरी बोटभर पुढे सरकवतात. तोल साधला. ज्याने हे दृश्य एकदा पाहिलंय त्याला ठाऊक असतं की विमान एकदा त्या दोन तर्जन्यांवर चढलं, की ते आज मालकाच्या हाती लागत नाही.

"नवीन आहे. जरा ट्रिम बघतो."

ट्रिम म्हणजे स्टिकला हात न लावता विमान सरळ जावं म्हणून केलेली बारीकशी जुळवणी. ट्रान्समीटरवरच्या छोट्या बटणांच्या चार टिचक्या. अनुभवी माणसाला दोन मिनिटं पुष्कळ होतात. काकांची ट्रिम बॅटरी संपेपर्यंत चालते. मालक वाऱ्याच्या तोंडावर विमान फेकतो, काका ते वर नेतात, मोटर बंद करतात, आणि मग घारी शोधू लागतात. घार जिथे पंख न हलवता गोल फिरते, तिथे तापलेली हवा वर चढत असते. काका ग्लायडर त्या घारीच्या खाली नेऊन लावतात, आणि खरंच, ते विमान मोटरविना वर वर जातं. मान वर करून बघणाऱ्या मालकाला आपला ग्लायडर किती चांगला आहे हे कळतं. फक्त तो आपला आहे, याचा विसर पडू लागतो.

"बघ, शेपूट जरा हललं की नाही? तिथे थर्मल."

"हो काका. आता मी...?"

"थांब, अजून उजवीकडे ओढतंय जरासं."

पंचवीस-तीस मिनिटांनी काका विमान पायाशी उतरवतात, बॅटरीला बोट लावून पाहतात आणि म्हणतात, "आज एवढं पुरे. पहिल्या दिवशी नुसतं बघायचं. बघण्याने निम्मं येतं."

या विमानाची खोड काका आधी सांगत नाहीत, ती मालकाने आपली आपण शोधायची असते. ग्लायडर पडत नाही हे खरं, पण तो उतरतही नाही. सासुरवाडीला रमलेल्या जावयासारखा तो उठायचं नाव घेत नाही. माळाच्या या टोकाला जमिनीपासून हातभर उंचीवर आलेला ग्लायडर त्या टोकालाही हातभर उंचीवरच असतो, आणि माळ संपल्यावर ऊस सुरू होतो. उसाच्या फडात दोन मीटरचं पांढरं विमान शोधणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय तोच जाणे. पात्यांनी हात कापून निघतात. बांधावर बसलेले शेतमालक आता सरावले आहेत. "इमान त्या आंब्याच्या अंगाला पडलंय, पण ऊस मोडशीला तर बघ," एवढंच म्हणतात. वारा वाढला की दुसरी खोड दिसते. हलकं विमान वाऱ्याबरोबर मागे मागे जातं आणि परत यायचं म्हटलं तर जागेवरच उभं राहतं. म्हणून सकाळी लवकर यायचं, वाऱ्याच्या वरच्या बाजूलाच राहायचं आणि उतरताना बरंच आधीपासून खाली यायला लागायचं. हे सगळं काका शिकवतात, अगदी मन लावून. फक्त ट्रान्समीटर स्वतःच्या हातात ठेवून.

मोठ्या माणसांचं काकांपुढे काही चाललं नाही. डॉक्टर, वकील, एक निवृत्त न्यायाधीशसुद्धा, सगळे आपापल्या विमानाखाली हात मागे बांधून उभे राहिले. काकांना नाही कसं म्हणायचं? तेवढ्यात आठवीतली एक मुलगी आईबरोबर माळावर आली. ग्लायडर अगदी काकांच्या नियमात बसणारा: तीन चॅनेल, फोम, दोन मीटर. काका हरखलेच. तर्जन्या लागल्या, तोल झाला, ट्रिम सुरू झाली. मुलीने पूर्ण वेळ आकाशाकडे नाही, काकांच्या अंगठ्यांकडे पाहिलं. बॅटरी संपल्यावर एकच विचारलं.

"काका, तुमचा मोड कुठला?"

"मोड दोन. डाव्या हाताला मोटर, उजव्या हाताला नाक वर-खाली आणि वळणं. सगळ्यांचा तोच असतो, बाळ."

"बरं," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी तिने विमान स्वतः फेकलं आणि स्वतः वर नेलं. नेलं तेही झोकात. चांगली उंची गाठल्यावर, कुणी मागायच्या आत, ट्रान्समीटर काकांपुढे धरला. "काका, जरा ट्रिम बघता?" असं माळाच्या इतिहासात कुणी आपण होऊन म्हटलेलं नव्हतं. काकांनी गळ्यातला पट्टा अडकवला, घार शोधली आणि नाक किंचित उचलायला उजवी स्टिक मागे ओढली. मोटर बंद पडली. काकांनी मोटर द्यायला डावी स्टिक पुढे ढकलली. विमानाने नाक खाली घातलं. काकांनी आणखी मोटर दिली. विमान आणखी सरळ खाली यायला लागलं. एनसीसीपासूनचा सगळा अनुभव काकांनी दोन अंगठ्यांत एकवटला आणि डावी स्टिक पुढच्या कडेला टेकवली. ग्लायडर आता शिट्टी घालत येत होता.

"काका, स्टिक सोडा!"

काकांनी सोडली. डावी स्टिक स्प्रिंगने मध्यावर आली. ग्लायडर खाली येता येता नाक उचलून वर गेला, दोनदा डुलला आणि काहीच झालं नसल्यासारखा सरळ तरंगू लागला.

"आठवडाभर कॉम्प्युटरवर सिम्युलेटर घेऊन बसली होती," आई आम्हाला सांगत होती. "बुधवारी त्या रेडिओची पाठ उघडून आतली स्प्रिंग इकडची तिकडे केली. मी ओरडले सुद्धा."

"मोड एक आहे काका," मुलगी म्हणाली. "यात डाव्या हाताला नाक आणि उजव्या हाताला मोटर. जपानमध्ये खूप जण असंच उडवतात."

काकांनी पट्टा सोडवून ट्रान्समीटर तिच्या हाती दिला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत? स्टिक सोडली आणि सावरलं! जेट असतं तर आता फावडं शोधत असतो." मग बराच वेळ ते तिच्या शेजारी हात मागे बांधून उभे राहिले. घार तिने स्वतःच शोधली.

"मोड एक यायला," काका शेवटी हलकेच म्हणाले, "साधारण किती दिवस लागतात गं?"

"सोपं आहे काका," आकाशावरची नजर न काढता ती म्हणाली. "पहिल्या दिवशी नुसतं बघायचं."