वणीचा सूर्य जरा घाईत असतो

पुसदहून वणीला भाचीच्या साक्षगंधाला निघालो. जिल्हा एकच, पण सूर्याला ते कुणी कळवलेलं नाही. पुसद साडेसत्याहत्तर रेखांशाच्या आसपास, वणी जवळजवळ एकोणऐंशीवर. दर रेखांशाला चार मिनिटं धरली, तर वणीत दिवस पुसदच्या साडेपाच मिनिटं आधी मावळतो. हे मी कंडक्टरला समजावलं. तो म्हणाला, "मंग भाऊ, साडेपाच मिन्टं आंधी याचं ना ष्टँडवर!"

दिग्रसच्या चहातच ती मिनिटं संपली.

दारव्ह्याला शकुंतलेची आठवण निघाली. ही अरुंद गाडी 1903 च्या सुमाराला आली, तेव्हा देशातल्या रेल्वेची घड्याळं मद्रासच्या वेळेनं चालत. यवतमाळचा सूर्य त्यांच्यापेक्षा आठ-नऊ मिनिटं मागे. 1906 साली मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ साऱ्या देशाला लागू झाली, तेव्हा आपण सतरा मिनिटं मागे पडलो. शकुंतलेला अर्थात दोन्ही वेळा सारख्याच.

मुंबईनं मात्र आपली एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ 1955 पर्यंत सोडली नाही. आमचे मुंबईचे काका त्याच वाणाचे. मुहूर्त गोरज, आणि काकांच्या कॅलेंडरात सूर्यास्त सहानंतरचा. "अजून वेळ आहे," म्हणून ते दाढी करायला बसले. वणीत पावणेसहाच्या आतच सूर्य बुडाला. नवरीकडचे काका अर्ध्या गालावर फेस घेऊन मांडवात उभे राहिले.

तेवढ्यात न्यू जर्सीच्या पुतण्याला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं सकाळी आठचा गजर लावला होता. काल शनिवारपर्यंतच्या हिशेबानं तो अगदी ऐन वेळेवर वाजला असता. पण नोव्हेंबरचा पहिला रविवार. रात्री दोन वाजता तिकडची घड्याळं तासभर मागे गेली, आणि आठ आता आमच्या साडेसहाला वाजणार होते. पडद्यावर नुसती उशी आणि केस.

"काहून झोपला रे हा?" आजीनं विचारलं.

"आजी, तिकडचं सरकार मार्चात सगळ्यांचा एक तास काढून घेते, अन् नोव्हेंबरात परत देते."

आजीनं पदर सावरला. "मार्चात वसुली तं आपल्या इकडंही होते बापा. हे परत देणारं सरकार कोन्तं म्हन्लं?"