पडद्यावर वावर कसे दाखवावे

साहित्य: संगणक, इंटरनेट, माऊस, एक भाचा आणि वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात वावर, म्हणजे शेत, असलेले मामा. मामा नसल्यास मोठे काका चालतील. बोट जाड आणि मत ठाम हवे.

गूगल अर्थ उघडून वर्धा शोधावे. पृथ्वी गरगरत वर्ध्यावर उतरते. "बोर धरणाकडं घे," असे मामा म्हणतील. घ्यावे. मग दृश्य तिरपे करावे. डोंगर उभे राहतात, मामा खुर्ची पुढे ओढतात आणि चिवड्याचे बोट थेट काचेला टेकवतात. "तो डोंगर पाय. त्याच्या मांगं आपलं वावर."

हसू नये. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांच्या 'स्केचपॅड' या संगणकावर चित्र काढण्याच्या प्रणालीतही पडद्यालाच पेन लावावे लागे. ते तेलकट नव्हते, इतकेच.

आता भाच्याने त्या डागावर बाण आणून क्लिक करावे. खूण डोंगराच्या अलीकडच्या उतारावर पडेल. जोरात दाबले तरी तिथेच. संगणक पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून बाणाच्या टोकातून एक सरळ किरण सोडतो आणि तो सगळ्यांत आधी ज्याला अडेल तीच तुमची निवड मानतो. 'मांगं' त्याला कळत नाही. मामांचा तर सगळा पत्ताच 'डोंगरामांगं, नाल्याच्या अल्याड, निंबापाशी' असा.

यावर तोडगा म्हणून डोळ्यांवर चढवायचा व्हीआर चष्मा आणि किरण सोडणारी हातातली कांडी आणण्याचा मोह टाळावा. मनगट किंचित हलले की लांबवर किरणाचे टोक गावभर फिरते, आणि मनगट हलते ते नेमके बटण दाबताना. बोरचे जंगल २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. खूण चुकून जंगलात पडली, तर वावर बाजूला राहून वाघाचीच गोष्ट ऐकावी लागेल.

उपाय एकच: बोट नव्हे, दृश्य हलवावे. डोंगराला वळसा घालावा, नाहीतर सरळ डोक्यावरून पाहावे. वरून डोंगर चपटा होतो, मागे-पुढे काही उरत नाही, वावर उघडे पडते. मामा मात्र ते नाकारतील. "हे आपलं नाही. आपल्या धुऱ्यावर निंब हाये." निंब आहे, पण वरून तो हिरवा ठिपका दिसतो, हे समजावण्यात चहा थंड होईल.

ओळख पटली की मामा वाकून धुरा, म्हणजे बांध, न्याहाळतील. "पाय, शेजाऱ्यानं धुरा सरकवला!" या वेळी बोट केसभरही चुकत नाही. मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडून होते, भाच्याच्या संगणकावर नाही, असे भाच्याने एकदा सांगून पाहावे आणि गाडीची किल्ली लपवावी.