मेंढीकोट वजा जाता

एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, नाव घातलं की वर्षाला १२० तास समाजसेवा भरावी लागते. झाडं लावायची तर ऊन, गावातलं शिबिर म्हणजे सात दिवस पहाटे उठणं. वृद्धाश्रमात पंखा असतो, या उदात्त कारणाने मी सिंहगड रस्त्यालगतचा वृद्धाश्रम निवडला.

पहिली भेट १ ऑक्टोबरला. हा ज्येष्ठांचा दिवस असं संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली ठरवून टाकलं. त्या दिवशी येणाऱ्या केळ्यांचं काय करायचं, ते मात्र ठरवलं नाही. आमची आठ डझन केळी बघून स्वयंपाकाच्या मावशींनी नुसतं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे आधीच्या दोन मंडळांची केळी होती. "आता गुरुवारपर्यंत शिकरण," त्या म्हणाल्या. निम्म्या लोकांना मधुमेह.

आम्ही जुनी गाणी बसवून नेली होती. दुसऱ्या कडव्याला पुढच्या खुर्चीतल्या आजी मायेने म्हणाल्या, "बाळांनो, हेच सकाळपासून तिसऱ्यांदा चाललंय. रडायचं ते आत्ता, की फोटोच्या वेळी?"

तासांच्या डायरीवर सही घ्यायला मी एका आजोबांकडे गेलो, तिथे घात झाला. गृहस्थ सरकारी लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. खिशातून लाल पेन निघालं.

"आलास दहा बावीसला. लिहिलंयस दहा."

"आजोबा, ट्रॅफिक..."

"ट्रॅफिक ही समाजसेवा नव्हे. मोबाईलची चाळीस मिनिटंही वजा." मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "१९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीला ही योजना निघाली, तेव्हा मी कॉलेजात होतो. आम्ही रस्ता खणला होता. तू केळी आणलीस."

दुसऱ्या रविवारी मी केळ्यांशिवाय गेलो. तिथल्या पत्त्यांच्या मेंढीकोटाचा एक भिडू मुलाकडे नाशिकला गेलेला. मला त्याच्या जागी बसवलं. पत्ते इतके मऊ झालेले, की पिसताना आवाजच यायचा नाही. चौकट दश्शीचा कोपरा दुमडलेला होता, आणि हे माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. आजी आणि लेखापरीक्षक एका बाजूला, मी आणि एक रेल्वेवाले काका दुसऱ्या. आजी पदराने चष्मा पुसायला लागल्या की हातात हुकूम नाही. खोकल्या की हुकमाचा एक्का. ही भाषा कळेपर्यंत माझी दिवाळीची सुट्टी संपली. मग डिसेंबरात आजींना खराखुरा खोकला झाला. आजोबांनी भरवशाने दश्शी टाकली, काकांनी ती एक्क्याने उचलली. दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते, आणि समेट मला करावा लागला. तो समेट मी डायरीत 'समुपदेशन, २ तास' असा लिहिला. आजोबांनी तो पाऊण तासावर आणला.

मार्चमध्ये मी ऐटीत बेरीज दाखवली: १२०.

लाल पेन पानोपान फिरलं. "मेंढीकोट, एकूण ५९ तास. हे सेवेत बसत नाही. करमणूक आहे."

"पण मी तुमच्यासाठीच खेळत होतो!"

"तू नीट पानं टाकत नसताना तुला सहा महिने सांभाळून घेतलं, ती सेवा आम्ही केली. ती कुठल्या डायरीत लिहू?" खाली शिल्लक मांडली: ६१. "उरलेले कधी भरणार?"

"रविवारी येतो."

"ये. पण ते तास धरणार नाही," ते म्हणाले, आणि पानं वाटायला घेतली.