नियम नाही, तर वाट नाही

धाराशिवच्या बस स्थानकावर कुणी सोलापूरची वाट गडचिरोलीवरून सांगितली, तर लोक त्याला वेड्यात काढतील. इंटरनेट मात्र भोळं. 16 एप्रिल 2021 ला व्होडाफोन आयडियाच्या जाळ्याने परक्या पत्त्यांच्या 30 हजारांहून अधिक गटांचा रस्ता 'आमच्याकडूनच' असं जाहीर केलं, आणि काही शेजारी जाळ्यांनी माना डोलावल्या. बीजीपी, म्हणजे जाळ्यांनी एकमेकांना रस्ते सांगण्याची पद्धत; तिचा 2017 चा नियम, आरएफसी 8212, तर बजावून बसला होता: धोरण लिहिलेलं नसेल, तर शेजाऱ्याचा एकही मार्ग घेऊ नका, देऊ नका. एफआरआर या रस्ते ठरवणाऱ्या खुल्या, फुकट सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या मांडणीत ही अट आपोआप लागू असते. बंद करायला एकच ओळ पुरते: 'नो बीजीपी ईबीजीपी-रिक्वायर्स-पॉलिसी'. आमचे हुशार अभियंते आधी तीच पाठ करतात.