लग्न जमवायला दाखला, नोकरी जमवायला मोकळीक

जर्मनीत वधूवर सूचक मंडळ काढायचं म्हटलं, तर सरकार तुमचं चारित्र्य तपासतं. गुन्ह्यांची नोंद, धंद्यातल्या जुन्या भानगडींची नोंद, सगळं बघतं. तिथल्या व्यवसाय कायद्याच्या कलम ३८ मध्ये अशा 'नजर ठेवण्याजोग्या' धंद्यांची यादीच दिली आहे. जुन्या वस्तूंचा व्यापारी, खासगी गुप्तहेर, ट्रॅव्हल एजंट, कुलूपं बसवणारा आणि लग्नं जमवणारा. नोकऱ्या जमवणारा मात्र या यादीत नाही. त्याने गावच्या व्यवसाय कार्यालयात एक फॉर्म भरायचा, किरकोळ फी द्यायची आणि पाटी लावायची. परवाना नाही, अनामत नाही, परीक्षा नाही.

एवढं वाचून काहींचे हात शिवशिवू लागले असतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, पहिल्या टप्प्यात १० हजार तरुण पाठवायचं जाहीर झालं, आणि तेव्हापासून 'तिकडे आपलं ऑफिस टाकतोय' असं सांगणारा एक तरी दादा प्रत्येक तालुक्याच्या चहाच्या टपरीवर सापडतो. हा आठवडा त्या दादांसाठी. सल्ला फुकट आहे.

दादा, ही मोकळीक आली कुठून ते आधी ऐका. १९९४ पर्यंत जर्मनीत नोकरी जमवणं ही सरकारची मक्तेदारी होती. खासगी माणसाने नोकरी लावून दिली तर तो करारच बेकायदा. आता गंमत बघा. होफनर आणि एल्सर नावाच्या दोन सल्लागारांनी म्युनिकच्या माक्रोट्रॉन कंपनीला विक्री संचालक शोधून दिला. माणूस लायक होता, पण कंपनीने त्याला घेतलं नाही आणि यांची फीही दिली नाही. वर ऐकवलं, तुमचा धंदाच बेकायदा, त्यामुळे करार रद्द, त्यामुळे पैसे नाहीत. काम करून घेतल्यावर कायदा आठवण्याची कला फक्त आपल्याकडेच आहे असा माझा समज होता. भांडण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. १९९१ मध्ये न्यायालयाने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: सरकारी खात्याला मागणी पुरी करता येत नसेल आणि तरी कायदा दुसऱ्याला ती करू देत नसेल, तर ती मक्तेदारी म्हणजे सत्तेचा गैरवापर.

त्यानंतर परवाना पद्धत आली, आणि २००२ मध्ये तीही गेली. जाण्याचं निमित्त मोठं मजेशीर. सरकारी रोजगार खातं 'इतक्या जणांना नोकऱ्या लावल्या' असे आकडे छापत होतं. लेखापरीक्षकांनी काही कार्यालयांतल्या नोंदी तपासल्या, तर त्यांतल्या सुमारे ७० टक्के चुकीच्या निघाल्या. खात्याचे प्रमुख घरी गेले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये खासगी दलालांची परवान्यातून सुटका झाली. सरकारी कागद इतके खोटे निघाल्यावर दुसऱ्यांकडे कागद कुठल्या तोंडाने मागणार!

तर दुकान उघडणं सोपं. दादा, पण दुकानात बसणार कोण? तुम्हीच ना? मग व्हिसा लागेल, आणि तो स्वतंत्र व्यवसायाचा. तुमच्या धंद्याला तिथे गरज आहे, भांडवलाची सोय आहे, हे पटवून द्यावं लागतं. वय ४५ च्या पुढे असेल तर म्हातारपणाच्या पेन्शनची तजवीजही दाखवा म्हणतात. जो माणूस हजारो तरुणांचं आयुष्य घडवायला निघाला आहे, त्याला आधी स्वतःच्या म्हातारपणाचं विचारतात. उद्धट लोक!

मर्यादित जबाबदारीची कंपनी काढायची तर २५ हजार युरो भांडवल, त्यातले निदान साडेबारा हजार नोंदणीआधी भरलेले. (एक युरोतही एक धाकटी कंपनी निघते, पण तिचं नाव वाचून बँकवाला कसा बघेल ते तुम्ही कल्पनेने ठरवा.) आणि नोटरी. आपल्या कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून, न वाचता शिक्का मारणारा नोटरी डोळ्यांपुढे आणू नका. जर्मन नोटरी दस्त मोठ्याने वाचून दाखवतो. अख्खा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, सर्वांच्या समोर. कायद्याने त्याला तसं करावंच लागतं. सत्यनारायणाच्या पोथीसारखं मुकाट बसून ऐकायचं, प्रसाद नाही. भाषा कळत नसेल तर दुभाषा आणा, तो पुन्हा सगळं सांगेल. त्यानंतर सही. 'मला काय माहीत, मी तर नुसती सही केली' हे आपलं राष्ट्रीय वाक्य तिथे पहिल्याच दिवशी निकामी होतं.

आता खरी मेख. दुकान कोण उघडतो याकडे तिथला नोकरी-दलालीचा कायदा डोळेझाक करतो, पण गल्ल्यात पैसा कधी पडतो यावर डोळ्यांत तेल घालून बसतो. नोकरी शोधणाऱ्याकडून फी घ्यायची तर लेखी करार हवा. फी नोकरीचा करार झाल्यावरच. आगाऊ एक पैसाही मागायचा नाही, आणि कोणी आपणहून दिला तरी घ्यायचा नाही. वरची मर्यादा २,५०० युरो, करासकट. काही मोजक्या प्रकरणांत थोडी जास्त. तिथल्या कुटुंबात राहून मुलं सांभाळणाऱ्या 'ओ पेअर' मुलींकडून तर फक्त १५० युरो. आणि दादा, जरा बसून घ्या, कारण पुढचं तुम्हाला झेपणार नाही. उमेदवाराची पात्रता तपासणं, त्याला नोकरीबाबत सल्ला देणं, हे सगळं त्या एकाच फीमध्ये धरलेलं आहे. म्हणजे फाइल चार्ज नाही, प्रोफाइल चार्ज नाही, प्रोसेसिंग नाही, 'साहेबांचं चहापाणी' नाही. 'फक्त आमच्याकडेच यायचं, दुसऱ्या एजंटकडे नाही' अशी अट करारात घातली तर ती अट बाद. आणि काम संपलं की उमेदवाराची कागदपत्रं ताबडतोब परत. मूळ मार्कशीट आणि पासपोर्ट कपाटात कोंडून धरण्यावर ज्यांचं अख्खं अर्थशास्त्र उभं आहे, त्यांनी तिथे करायचं तरी काय?

तुम्ही हुशार आहात. तुम्ही म्हणाल, मग फी नको, मी कोल्हापूर-लातूरची पोरं माझ्याच पगारावर घेतो आणि तिकडच्या कारखान्यांना भाड्याने देतो. सुंदर. त्या धंद्याला मात्र परवाना लागतो, १९७२ च्या कायद्याने, आणि तो रोजगार खात्याकडून मिळतो. हाताशी निदान दहा हजार युरो रोख ऐपत दाखवायची, माणसं वाढली तर माणशी दोन हजार. पहिला परवाना एक वर्षाचा, दरवर्षी पुन्हा अर्ज, तीन वर्षं सरळ वागलात तर मग कायमचा. परवान्याशिवाय धंदा केलात तर तुमचा मजुराशी केलेला करार रद्द आणि तो मजूर थेट त्या कारखान्याचा कामगार ठरतो. कारखानदारही तुमच्या वाऱ्याला उभा राहणार नाही. आणि एवढं सगळं जमवून आणलंत, तरी राहण्याच्या परवान्याचा कायदा सांगतो की युरोपबाहेरच्या माणसाला भाड्याने देण्यासाठी आणायचं असेल, तर सामान्यतः कामाची संमतीच द्यायची नाही. कोल्हापूरचा पोरगा विमानात बसण्याआधीच तुमचा धंदा बसला.

कुणी म्हणेल, इतकं काटेकोर कशाला? ब्रिटनने १९९५ मध्ये एजन्सींचा परवाना काढून टाकला. २००४ च्या फेब्रुवारीत मोरकंब खाडीत रात्री शिंपले वेचणारे चिनी मजूर भरतीत सापडले आणि निदान २१ जण बुडाले. त्यांना तिथे नेणाऱ्या मुकादमाला पुढे १४ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी ब्रिटनने शेती, शिंपले आणि अन्नप्रक्रियेपुरता मजूर पुरवणाऱ्यांचा परवाना नव्याने आणला. बाकीच्या क्षेत्रांत तिथे अजून परवाना नाही. तिथे बहुधा भरतीचं पाणी यायचं बाकी आहे.

तेव्हा दादा, जर्मनीत ऑफिस जरूर टाका. धंदा काही वाईट नाही, सरळ माणसाला पोटापुरतं मिळेल. पण तुमची खरी मिळकत तिथे होणार नव्हतीच. ती इथे होणार होती. बॅनरखाली, बंद खोलीत, 'सीट कन्फर्म करायची तर आज पन्नास हजार' म्हणून. आणि त्यासाठीही आपल्याकडे कायदा आहेच. १९८३ चा स्थलांतर कायदा. परदेशी नोकरीसाठी इथे माणसं भरायची तर परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी हवी, त्यासाठी ५० लाखांपर्यंत बँक गॅरंटी, आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी, तेही पावती देऊन. जर्मनीतली पाटी दाखवून इथली नोंदणी चुकत नाही.

दादांना निरोप संपला. आता ज्यांची मुलं त्या बॅनरखाली रांगेत उभी आहेत त्यांना दोन शब्द. आई-बाबांनो, सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, आणि बेकायदा एजंटांचीही आहे. पैसे मोजण्याआधी नाव दोन्हीकडे शोधा. एजंटाकडे नोंदणी क्रमांक मागा, पावती मागा. 'पावती नंतर देतो' म्हणाला, तर पैसेही नंतरच द्या.